पावसाळ्यात घरचं पाणी शुद्ध कसं करायचं (आरओ घ्यायच्या आधी वाचा)

जून लागला की जिकडेतिकडे एकच प्रश्न, पाणी गढूळ येतंय काय करू? आणि उत्तरं ठरलेली, तुरटी फिरव, उकळ, आरओ (क्षार काढणारं मशीन) बसव. अहो पण आधी पाण्यात नक्की काय आहे ते तर बघा, कारण गाळ, जंतू आणि क्षार ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

गाळ असेल तर तुरटीच. खडा हातात धरून हंड्यात पाच-सहा वेढे फिरवायचे, बास, जास्त फिरवलात तर पाणी तोंडाला तुरट लागतं. मग हंड्याला अजिबात हात लावायचा नाही. थोड्या वेळाने गाळाचे कापसासारखे पुंजके दिसायला लागतात आणि हळूहळू तळाशी बसतात, दोन-तीन तासांनी वरचं निवळ पाणी अलगद ओतून घ्यायचं, तळचं सांडून द्यायचं. पण निवळलं म्हणजे जंतू मेले असं नाही हां, इथेच बरेच जण फसतात.

गाळायला जुनी धुतलेली सुती साडी बेस्ट. नवी नको, धुऊन धुऊन जुन्या कापडाची वीण घट्ट होते. बांगलादेशात साडीच्या किमान चार घड्या करून पाणी गाळायला लावलं तर कॉलरा जवळपास निम्म्यावर आला, 2003 साली हा अभ्यास छापून आलाय. तरी हे फक्त गाळणं झालं, पुढे उकळायचंच.

उकळताना खळखळ उकळी फुटल्यावर 1 मिनिट पुरे, वीस-वीस मिनिटं गॅस जाळायची काही गरज नाही (लडाखला वगैरे खूप उंचावर गेलात तर 3 मिनिटं). झाकून तसंच गार होऊ द्या आणि पाणी काढायला ओगराळं ठेवा, ग्लास बुडवला की सगळी मेहनत पाण्यात.

गॅस परवडत नसेल तर क्लोरीनचे थेंब किंवा गोळ्या, प्रमाण पाकिटावरचंच, आणि टाकल्यावर अर्धा तास थांबायचं. आधी गाळ काढलेला हवा, नाहीतर क्लोरीन त्या घाणीतच संपून जातं.

विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकताना पावडर तशीच भुरभुरायची नाही!! चांगली, ताजी असेल तर 1000 लिटरला साधारण अडीच ग्रॅम लागते, गढूळ पाण्याला जास्त. म्हणजे 3 मीटर व्यास आणि 4 मीटर पाणी असेल तर 28 हजार लिटर भरतं, त्याला 70 ग्रॅमच्या आसपास. बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवायची, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळायची, दहा मिनिटांत चुना खाली बसतो, तो टाकून द्यायचा आणि वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली दोराने विहिरीत सोडून वरखाली हिसके द्यायचे म्हणजे सगळीकडे मिसळतं. नंतर किमान तासभर कोणी पाणी भरायचं नाही. ग्रामपंचायतीत ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची) करून मिळते, पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे.

आता आरओ. सेल्समन दारात येऊन दोन ग्लासांत वायरीच्या कांड्या बुडवतो, तुमचं पाणी तपकिरी होतं आणि त्याचं स्वच्छ राहतं, मग घरातले सगळे घाबरतात. ती घाण तुमच्या पाण्यातली नसते हो! क्षार असलेल्या पाण्यातून करंट जातो आणि लोखंडी कांडीच झिजून गंज सुटतो, आरओच्या पाण्यात क्षारच नाहीत त्यामुळे तिथे काही होत नाही. पिण्याच्या पाण्यात टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) लिटरला 500 मिलीग्रॅमपर्यंत चालतो असं भारतीय मानक सांगतं आणि पुण्या-मुंबईचं धरणाचं पाणी त्याच्या बरंच खाली असतं, तिथे साधा यूव्ही फिल्टर (अतिनील किरणांनी जंतू मारणारा) भागवतो, आरओ लावलात तर उगाच निम्म्याहून जास्त पाणी गटारात जाणार.

बोअरचं खारं पाणी असेल तर मात्र आरओच्या खर्चाला अर्थ आहे. आणि यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडे काही गावांत बोअरला फ्लोराईड लागतं, ते उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की वाढतं, आणि टीडीएस मीटरवर वेगळं दिसतही नाही. तिथे लॅबमध्येच तपासून घ्या. जंतूंचीही टेस्ट करायची असेल तर नमुन्याची बाटली लॅबकडूनच आणा, कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून नेलंत तर त्या रिपोर्टला काही अर्थ राहत नाही.