बिजागरीचा गंज काढताना या चुका टाळा

थारसारख्या गाडीच्या दाराच्या बिजागऱ्या बाहेरच असतात. दिसायला रुबाबदार, पण पाऊस, चिखल आणि खारं वारं सगळ्यात आधी झेलतात त्या त्याच. वाशी, ऐरोली, कोपरखैरणे म्हणजे खाडीकाठची वस्ती. त्यात सुट्टीला अलिबाग-काशिदच्या वाळूत गाडी घालायची हौस. काही पावसाळे गेले की बिजागरीखाली तांबूस ओघळ दिसतो आणि मालक काळ्या रंगाचा स्प्रे घेऊन येतो. पहिली चूक तिथेच होते.

बिजागरी न उतरवता रंग मारणं

तो ओघळ येतो कुठून ते नीट बघा. बहुतेक वेळा समोरून नव्हे, पाठीमागून. बॉडी आणि बिजागरी यांच्या फटीत पाणी मुरतं, मीठ साचतं आणि गंज तिथूनच धरतो. समोरून कितीही चकचकीत रंग मारला तरी मागचं काम चालूच राहतं. जुलै येईतो कडेला फोड येतात आणि नखानं टोकरलं की रंगाची पापडी हातात येते. त्या फोडांवर पुन्हा रंग मारणारे महाभागही आहेत. बिजागरी उतरवल्याशिवाय हा गंज जात नाही. उतरवलीच आहे तर तिच्याखालची बॉडीची जागाही घासून प्रायमर आणि रंग करून घ्या. बरेच जण नेमकं हेच विसरतात.

दोन्ही बिजागऱ्या एकदम सोडणं

एक काढा, तिचं काम संपवून बसवा, मग दुसरीला हात लावा. तोवर दार लॅच लावून बंद ठेवायचं आणि गाडी हलवायची नाही. काढण्याआधी बिजागरीच्या कडेनं मास्किंग टेप लावून जागेची खूण करा. मागे पातळ शिम, म्हणजे फट भरायची पत्र्याची चकती, निघाली तर ती त्याच बिजागरीच्या पिशवीत जाऊ द्या. काही गाड्यांत बोल्ट बॉडीच्या खांबाच्या (बिजागरी जिथे बसते त्या उभ्या भागाच्या) आतल्या सुट्या पट्टीत बसतात. सगळे एकदम काढले की पट्टी आत पडते आणि ती शोधण्यात अख्खी दुपार जाते.

बोल्टचं तोंड खराब करणं

एलन (षटकोनी खाचेचा) किंवा टॉर्क्स (चांदणीसारख्या खाचेचा) बोल्टच्या खाचेत जुना रंग आणि गंज ठासून बसलेला असतो. तो दाभणानं कोरून काढल्याशिवाय बिट पूर्ण आत जात नाही. अर्धवट बसलेला बिट फिरवला की खाच गोल झालीच म्हणा. आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल, म्हणजे गंजात मुरणारं पातळ तेल सोडा, सकाळी बिट लावून हातोडीनं दोन-चार ठोके द्या आणि मगच फिरवा. हलला नाही तर हीट गन. गॅसची ज्योत नको, शेजारी रंग आणि रबराची बीडिंग असते.

धातू न ओळखता घासणं

चुंबक लावून बघा. चिकटलं तर लोखंड. नाही चिकटलं आणि गंजाऐवजी पांढरी भुकटी दिसत असेल तर बहुधा ॲल्युमिनियम. त्यावर लोखंडी तारेचा ब्रश चालवला तर लोखंडाचे कण रुततात आणि तेच पुढे गंजतात. इथे सॅंडपेपर आणि एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन पकड धरणारा प्रायमर, वापरायचा. स्टेनलेसचे बोल्ट टाकायची टूम आहे, पण खारट ओलाव्यात स्टेनलेसला लागून असलेलं ॲल्युमिनियमच झिजतं. बोल्टला अँटी-सीझ (बोल्ट अडकू नये म्हणून लावायची पेस्ट) लावल्याशिवाय तो प्रयोग करू नका.

रस्ट कन्व्हर्टरवर भरवसा टाकून मोकळं होणं

कन्व्हर्टर, म्हणजे गंजाला स्थिर थरात बदलणारं रसायन, उरलेल्या गंजावर काम करतो, सुट्या पापुद्र्यावर नाही आणि चकचकीत लोखंडावरही नाही. आधी ८० नंबरच्या पेपरनं घासा, मग फक्त खड्ड्यांत उरलेल्या काळपट गंजाला तो लावा. इथल्या पावसाळी हवेत घासलेलं लोखंड रातोरात तांबूस होतं, म्हणून घासणं, डिग्रीझरनं पुसणं आणि इपॉक्सी प्रायमर हे एकाच दिवसात उरका. पुसल्यावर उघडा हात लावू नका. धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा (हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊन बसते त्यापेक्षा) किमान ३ अंशांनी जास्त असावं लागतं, त्यामुळे भर पावसात हे काम काढूच नये असं माझं मत. हार्डनर मिसळायचा टू-के (दोन घटकांचा) रंग असेल तर त्यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं; कापडी मास्क आणि सोसायटीचं बंदिस्त पार्किंग, दोन्ही चालणार नाहीत.

पावडर कोटिंगला तशीच देऊन येणं

पावडर कोटिंग म्हणजे रंगाची पावडर चिकटवून भट्टीत भाजणं. त्यासाठी रबाळे किंवा वागळे इस्टेटच्या कारखान्यांकडे बिजागरी घेऊन जाणार असाल तर नायलॉनचे बुश (पिनभोवतीच्या नळ्या) आधी काढा. भट्टी साधारण १८० ते २०० अंशांची असते. खड्ड्यांत नेहमीची लांबी (पुट्टी) भरली असेल तर तीही तिथे टिकत नाही. पिनचं भोक बंद करून द्यायला सांगा, नाहीतर कोटिंगनं भोक अरुंद होतं, मग पिन ठोकून घालायची आणि नवा रंग उडवायचा.

दार घासलं की स्ट्रायकर सरकवणं

बसवल्यावर दार खालच्या कडेला घासतंय? दाराचा लॅच ज्यात अडकतो तो खांबावरचा स्ट्रायकर राहू द्या. दार अर्धं उघडून टोकाला धरून वर-खाली हलवा. बिजागरीतच खेळ जाणवला तर पिन किंवा बुश झिजलेत. ते बदला, रंगानं काही होणार नाही. खेळ नसेल तर बोल्ट किंचित सैल करून बिजागरी टेपच्या खुणेवर आणा. फट सगळीकडे सारखी दिसली की कंपनीनं दिलेल्या टॉर्कला (आवळायच्या जोराला) बोल्ट आवळा आणि खाचेत थोडं ग्रीस भरून ठेवा.