स्वतंत्र टर्मिनल सर्व्हर डोमेनमध्ये घेताना

वर्कग्रुपमध्ये, म्हणजे स्वतःपुरती लोकल खाती ठेवून, चालणारा टर्मिनल सर्व्हर (ज्यावर अनेक जण आपापल्या संगणकावरून एकाच वेळी काम करतात) डोमेनला, म्हणजे सगळ्यांची खाती एका ठिकाणी सांभाळणाऱ्या नेटवर्कला, जोडण्याचे काम पंधरा मिनिटांचे असते. त्यावरच्या वीस-पंचवीस वापरकर्त्यांना त्यांचे डेस्कटॉप जसेच्या तसे मिळवून देण्यात मात्र शनिवार-रविवार सहज जातो. विंडोज माणसाला नावाने नव्हे, तर एसआयडी या ओळखक्रमांकाने ओळखते. त्यामुळे सर्व्हरवरची ‘सुनीता’ आणि डोमेनमधली ‘सुनीता’ या त्याच्या लेखी दोन वेगळ्या व्यक्ती असतात.

सुरुवातीला सर्व्हरचा पूर्ण बॅकअप घ्यावा आणि लोकल अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड प्रत्यक्ष लॉगइन करून तपासावा, कारण जोडणी फसली तर आत शिरायला तेवढीच वाट उरते. नेटवर्क कार्डावर डीएनएस (नावावरून यंत्राचा पत्ता शोधून देणारी सेवा) म्हणून राउटरचा नव्हे, तर डोमेन कंट्रोलरचा, म्हणजे डोमेनची खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरचाच पत्ता असावा. दोन्ही यंत्रांच्या घड्याळांत ५ मिनिटांहून अधिक फरक असल्यास कर्बरॉस ही डोमेनची ओळख पटवणारी पद्धत लॉगइन नाकारते, म्हणून वेळही पाहून घ्यावी.

सर्व्हर डोमेनला जोडून रीस्टार्ट केल्यावर जुनी लोकल खाती जागेवरच राहतात. ‘डोमेन युजर्स’ हा गट लोकल ‘युजर्स’ गटात आपोआप जातो, पण ‘रिमोट डेस्कटॉप युजर्स’मध्ये जात नाही. त्यासाठी डोमेनमध्ये वेगळा गट करून तो तिथे घालावा. एकेक नाव घालत बसू नये. हिशेबाच्या फोल्डरची परवानगी पूर्वी एखाद्या लोकल गटाला दिलेली असेल, तर डोमेनचा गट त्याच लोकल गटात टाकल्याने काम भागते. परवानग्या एकेका लोकल खात्याला दिलेल्या असतील, तर त्या नव्याने द्याव्या लागतात.

खरी कसरत प्रोफाइलची, म्हणजे प्रत्येकाचा डेस्कटॉप, फाइली आणि सेटिंग ठेवणाऱ्या फोल्डरची आहे. सुनीता डोमेन खात्याने प्रथम आत येते, तेव्हा तिच्या नावाचा फोल्डर आधीच असल्यामुळे विंडोज त्याच नावापुढे टिंब आणि डोमेनचे नाव लावून दुसरा फोल्डर तयार करते, आणि तिला कोरा डेस्कटॉप दिसतो. रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातील) ‘प्रोफाइललिस्ट’मध्ये नव्या एसआयडीला जुन्या फोल्डरचा मार्ग देता येतो, परंतु फोल्डरच्या आणि वापरकर्त्याच्या रजिस्ट्री फाइलच्या परवानग्याही बदलाव्या लागतात, आणि त्यातली एक राहून गेली तरी तात्पुरते प्रोफाइल उघडते. मायक्रोसॉफ्टचे यूएसएमटी हे प्रोफाइल हलवण्याचे साधन विंडोजच्या सर्व्हर आवृत्त्यांसाठी नाही. म्हणून वापरकर्ते थोडे असतील तर प्रत्येकाला एकदा नव्या खात्याने लॉगइन करायला लावून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि ब्राउझरचे बुकमार्क हाताने नकलावेत, हे मला अधिक खात्रीचे वाटते. साठवलेले पासवर्ड मात्र अशा नकलेने येत नाहीत; ते आधीच लिहून किंवा निर्यात करून ठेवायला सांगावे.

सोमवारी सकाळी येणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळ वापरकर्त्यांच्या संगणकावर असते: जतन केलेल्या रिमोट डेस्कटॉप जोडणीत सर्व्हरचे नाव आणि जुने खाते तसेच राहिलेले असते, आणि माणूस नकळत जुन्याच प्रोफाइलमध्ये काम करत राहतो. ती जोडणी बदलून द्यावी. टर्मिनल सर्व्हर वापरण्याचे परवाने प्रतिवापरकर्ता पद्धतीचे असतील, तर ते परवाने देणारा परवाना सर्व्हर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी या डोमेनच्या नोंदवहीतील ‘टर्मिनल सर्व्हर लायसन्स सर्व्हर्स’ गटात असल्याची खात्री करावी. टर्मिनल सर्व्हर त्या नोंदवहीच्या वेगळ्या ओयूमध्ये (विभागात) ठेवून ग्रुप पॉलिसीचे, म्हणजे डोमेनमधून लावायच्या नियमांचे, लूपबॅक (वापरकर्त्याचे नियम यंत्रानुसार लावण्याची सोय) चालू केल्यास तिथले निर्बंध वापरकर्त्यांच्या स्वतःच्या संगणकांना लागत नाहीत.

जुनी लोकल खाती लगेच पुसू नयेत. ती निष्क्रिय करून किमान एक महिनाअखेर पार पडू द्यावी, कारण विसरलेली फाइल नेमकी तेव्हाच आठवते.