संस्कृती जपायला, माणसं जोडायला टेक वापरायचंय? मग टेक सगळ्यात शेवटी निवडा

एआय, व्हीआर असं काहीतरी नवीन हाती लागलं की लगेच वाटतं, चला यावर परंपरेचं काहीतरी करूया, आणि तिथेच गडबड होते, कारण मग व्हीआरचा डोळ्यांवर लावायचा हेडसेट आधी ठरतो आणि तो हवाय कोणाला हे नंतर शोधत बसावं लागतं. डिझाइन थिंकिंगची पद्धत बरोब्बर उलटी आहे. आधी माणूस समजून घ्या, मग अडचण नेमकी मांडा, मग कल्पना, मग कच्चं मॉडेल, मग ते खऱ्या माणसांसमोर टेस्ट. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी स्कूल या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेमुळे हे पाच टप्पे जगभर पोचले. पण अशा कामात पहिले दोन टप्पेच निम्म्याहून जास्त वेळ खातात, आणि माझं स्पष्ट मत आहे की खाऊ द्यावा.

सुरुवात गप्पांपासून करा, फॉर्म भरून घेऊ नका. "जुनी गाणी जपली पाहिजेत का?" असं विचारलं तर सगळे होच म्हणणार, त्यातून हाती काही लागत नाही. त्याऐवजी विचारा, हे गाणं शेवटचं कधी म्हटलंत, समोर कोण होतं, नंतर का थांबलं. मग हळूहळू कळतं की आजी गाणं विसरलेली नाहीये, ऐकणारं कोणी उरलं नाहीये, नात लांब राहते आणि फोन केला तरी "जेवलीस का, बरी आहेस ना" याच्या पुढे दोघींची गाडी जात नाही. झालं, इथे प्रश्नच बदलला ना! गाणी रेकॉर्ड कशी करायची हे बाजूला राहिलं, आता आजी आणि नातीला गाण्याच्या निमित्ताने निवांत अर्धा तास कसा मिळेल ते बघायचंय. हे एका वाक्यात लिहून काढा: कोणाला, कोणाशी, कधी, काय बोलायचंय आणि मधे काय आडवं येतंय. त्या वाक्यात ॲप, एआय असला एक जरी शब्द आला तर खोडा आणि परत लिहा.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण म्हणजे स्टोरीकॉर्प्स, साध्या माणसांच्या गप्पा रेकॉर्ड करून जपणारी अमेरिकन संस्था. 2003 मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात त्यांनी एक छोटा बूथ टाकला, आत एकमेकांना ओळखणारी दोन माणसं, 40 मिनिटं, मदतीला एक जण, बास. परवानगी असेल तर रेकॉर्डिंग लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे जातं. टेक म्हणाल तर माइक, ॲप आलं ते थेट 2015 मध्ये. खरं डिझाइन होतं ते ठरलेल्या वेळेत आणि बंद दारात, कारण एरवी जे विचारायला जीभ रेटत नाही ते तिथे विचारता येतं.

कच्चं मॉडेल बनवताना कोडिंगला हात लावू नका. समजा तुमची कल्पना अशी आहे की आठवणींना प्रश्न विचारायचे आणि एआयने उत्तर द्यायचं. मग आधी थोड्या क्लिप्स रेकॉर्ड करा, आणि मशीनच्या जागी एका मित्राला लॅपटॉप घेऊन पलीकडच्या खोलीत बसवा, प्रश्न आला की तो योग्य क्लिप लावेल. याला विझार्ड ऑफ ऑझ पद्धत म्हणतात. लोक खरंच काय विचारतात, कुठे गप्प होतात, हे एका दुपारीत दिसतं. अमेरिकेतल्या यूएससी शोआ फाउंडेशनने होलोकॉस्टमधून, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या हत्याकांडातून, वाचलेल्यांच्या साक्षी अशा केल्यात की तुम्ही प्रश्न विचारता आणि सिस्टिम त्या माणसाने खरोखर दिलेल्या उत्तरांतून जुळणारी क्लिप दाखवते, नवीन वाक्य तयार करत नाही. हा नियम तुम्हीही पाळाच. गेलेल्या माणसाच्या तोंडी तो कधी बोललाच नाही असं वाक्य घालणं मला तरी पटत नाही, आवाज कितीही हुबेहूब निघाला तरी.

लांबच्या माणसांना लाइव्ह जोडायचं असेल तर 1980 चा 'होल इन स्पेस' हा कलाप्रयोग बघा. किट गॅलोवे आणि शेरी रॅबिनोविट्झ या दोघांनी न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर सॅटेलाइटने जोडलेले मोठे पडदे लावले, तीन संध्याकाळी, समोरची माणसं खऱ्या उंचीची दिसत होती. कुठे पाटी नाही, जाहिरात नाही, आणि महत्त्वाचं म्हणजे स्वतःचं चित्र कुठेच दिसत नव्हतं. तिसऱ्या संध्याकाळपर्यंत दूर राहणारे नातेवाईक ठरवून भेटायला यायला लागले. म्हणून आजच्या व्हिडिओ कॉलवर पहिली गोष्ट करा, स्वतःची खिडकी लपवा, फोन हातात न धरता स्टँडवर ठेवा. आणि दुसरी बाजूही बघा, 2024 मध्ये न्यूयॉर्क आणि डब्लिनला लाइव्ह जोडणारा पोर्टल नावाचा रस्त्यावरचा व्हिडिओ पडदा काही लोकांच्या वाह्यातपणामुळे थोड्याच दिवसांत बंद ठेवावा लागला, मग कॅमेरा अडवला की चित्र धूसर होईल अशी सोय करून परत सुरू झाला. त्यामुळे टेस्ट करताना त्रास देणारा माणूसही मुद्दाम आणून बघा.

मालकीचं आधी ठरवा, रेकॉर्डिंग झाल्यावर नाही. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू समाजासोबत बनलेल्या मुकुर्तू या सॉफ्टवेअरमध्ये कोणती गोष्ट कोणी बघायची हे समाजाच्या रीतीप्रमाणे ठरवता येतं, काही गोष्टी फक्त कुटुंबाला, काही फक्त बायकांना. न्यूझीलंडमधल्या 'ते हिकू मीडिया' या माओरी प्रसारण संस्थेने तिथल्या मूळ रहिवाशांच्या माओरी भाषेचं स्पीच रेकग्निशन, म्हणजे बोललेलं ओळखून लिहिणारी सिस्टिम, बनवायला लोकांकडून 10 दिवसांत 300 तासांहून जास्त आवाज गोळा केला, पण तो डेटा मोठ्या कंपन्यांच्या हाती द्यायला नकार दिला. तुम्ही निदान एवढं विचारा: कोणी ऐकलं तर चालेल, एआय ट्रेनिंगला दिलं तर चालेल का, उद्या मन बदललं तर डिलीट कोणाला सांगायचं. आणि रेकॉर्डिंग त्यांना ऐकवल्यावर हेच परत विचारा, कारण स्वतःचं बोलणं ऐकल्यावर उत्तर बदलू शकतं.

बाकी तांत्रिक थोडकंच आहे. रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये जमलं तर वेव्ह (WAV) फाइल, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट निवडा म्हणजे आवाज चांगल्या दर्जाचा राहतो, फोन एअरप्लेन मोडवर, पंखा बंद, आणि कॉपी दोन जागी. मजकूर एआयकडून काढून घ्या पण आवाज लावून ओळ न ओळ तपासा, बोलीभाषेत चुका होतातच, वर माणूस मधे बराच वेळ थांबला की ही टूल्स कधीकधी न बोललेली वाक्यं घुसडतात, आणि वयस्कर माणसं आठवताना थांबतातच, म्हणून त्या शांत जागा आधी तपासा.

किती व्ह्यूज आले ते सोडून द्या. दोन आठवड्यांनी दोघांना वेगवेगळं विचारा की तुमच्या मदतीशिवाय परत बोलणं झालं का, कोणी सुरू केलं. झालं असेल तर तुमचं टूल मधून काढून बघा, तरी चालतंय का ते. झालं नसेल तर कोडमध्ये शिरू नका, सुरुवातीला अडचण मांडणारं जे एक वाक्य लिहिलं होतं ते काढा आणि त्या दोघांसोबत बसून परत लिहा.