वर्णनात्मक नोंदी लिहिताना या चुका टाळा

एप्रिल उजाडला की शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर 'तयार वर्णनात्मक नोंदी, सर्व विषय' अशी पीडीएफ फिरू लागते. प्रत्येक मुलाच्या प्रगतीबद्दल शब्दांत लिहायचे शेरे म्हणजे या नोंदी. खोटं कशाला बोलू, मीही ती वापरली आहे. एका वर्षी माझ्या वर्गातली अकरा मुलं 'उदाहरणे अचूक सोडवतो' निघाली. त्यातल्या चार मुली होत्या. शाळा तपासायला आलेल्या केंद्रप्रमुखांनी काही न बोलता त्या 'तो' भोवती पेन्सिलीने गोल केला.

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आपल्याकडे 2010 मध्ये आलं. पहिली-दुसरीला आकारिकचा (वर्षभर वर्गात होणाऱ्या मूल्यमापनाचा) भार 70 टक्के, संकलितचा (सत्राअखेरच्या परीक्षेचा) 30. तिसरी-चौथीला 60 आणि 40. म्हणजे लहान मुलाला जोखायचं ते मुख्यतः रोजच्या वर्गात. आणि तेच आपण सत्र संपताना दोन रात्री जागून, आठवेल तसं लिहितो. 'दैनंदिन निरीक्षण' या रकान्यात मग दिवसही नसतो आणि निरीक्षणही.

त्याहून मोठी चूक म्हणजे मूल चुकलं एवढंच लिहिणं. 'संख्यालेखनात चुका करते.' बरं, कोणत्या? दुसरीतल्या एका मुलीने 'सत्तावीस' ऐकून 72 लिहिलं. फुली मारून पुढे जाता आलं असतं. तिला म्हटलं, "बाळा, मोठ्याने म्हणत लिही बघू." ती 'सत्ता' म्हणाली आणि 7 काढला, 'वीस' म्हणाली आणि 2. जसं कानावर पडलं तसं लिहिलं. आपल्या भाषेत एकक आधी बोलतात आणि दशक आधी लिहितात, त्यात तिचा काय दोष? त्याच तासाला दुसऱ्याने 'एकोणतीस'चे 39 केले होते. त्याची गोष्ट वेगळी: 'तीस' ऐकून 3 लिहिला, 'एकोण' म्हणजे नऊ असणार हेही त्याने बरोबर ताडलं. फक्त एकोण म्हणजे पुढच्या दशकाला एक कमी, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. (2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! बाजू कुठलीही घ्या, अडचण खरी होती.)

दोघांना एकच शेरा दिला असता तर दोघांना एकच सराव मिळाला असता, आणि तो दोघांच्याही कामाचा नव्हता. तिला काड्यांचे दोन गठ्ठे आणि सात सुट्या काड्या हव्या होत्या. त्याला तीस काड्यांतली एक काढून घ्यायची होती.

वजाबाकीतही तसंच. 42 − 17 चं उत्तर 35 आलं, तर मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतंय. तिथे 'लक्ष देत नाही' असा शेरा मारू नका. ते फार लक्ष देऊन चुकतंय. आणि उपचारात्मक तासाला तेच उदाहरण तसंच, फक्त आवाज चढवून शिकवू नका. दशकाचा गठ्ठा सोडायला त्याच्या हातात द्या.

बाकीच्या चुका नेहमीच्याच. संकलितचे पेपर तपासून, गुण भरून, गठ्ठा बांधून कपाटात टाकणं. आकारिकच्या आठही साधनतंत्रांचे (निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प वगैरे) रकाने एकाच शाईने एका बैठकीत भरणं. 'सुधारणा आवश्यक'मध्ये सरसकट 'हस्ताक्षर सुधारावे' लिहिणं, हे तर आमच्या पिढीचं व्यसनच.

वर्ष निम्मं सरलं आणि वही कोरी आहे? घाबरून पीडीएफ उघडू नका. रोज पाच मुलं ठरवा. परिपाठ झाला की त्यांच्या वह्या जवळ घ्या आणि तारीख घालून प्रत्येकी एकच ओळ लिहा: काय केलं, कुठे अडलं. तीसचा पट सहा दिवसांत होतो. सातव्या दिवशी पुन्हा पहिली पाच. माझ्या वहीत त्या मुलीच्या नावापुढे होतं, '27 चे 72. म्हणत लिहिते.' आठवड्याने त्याखाली, '43 नीट. 34 ला थांबली, बोटाने खोडून दाखवलं.'