कारगिलच्या बातम्यांत बाई बोलते का, हे मोजायचं कसं

युद्धाच्या बातम्या आणि स्त्रिया असा विषय घेतलात की मार्गदर्शक आधी विचारतात, "नमुना किती?" एरवी एका आठवड्यातला सोमवार, दुसऱ्यातला मंगळवार असा जुळवलेला आठवडा चालतो. युद्धाला तो चालत नाही. शहीद जवानाचं पार्थिव गावात आलं, नेमका तोच अंक हुकतो. मी कारगिल घेतलं. २६ मे १९९९ला हवाई हल्ले सुरू झाले, तिथपासून २६ जुलैपर्यंतचा रोजचा अंक.

जळगाव-धुळ्याच्या वाचनालयांत मे महिन्यात जाणार असाल तर दार उघडताच जा, दुपारी पंखाही झळाच फेकतो. जुना कागद ठिसूळ असतो. पान कोपऱ्याला धरून ओढू नका, खाली तळहात घालून उलटा. आमच्याकडचे काका "काय शोधी ऱ्हायनी व माय?" म्हणत पुरवण्यांचा गठ्ठाही काढून देतात. तो सोडू नका, बायका बऱ्याचदा तिथेच सापडतात.

तक्ता वाचनाआधी ठरवा. तारीख, पान, छायाचित्र हे रकाने भराभर भरून होतात. वेळ द्यायचा तो भूमिकेला. जागतिक माध्यम निरीक्षण प्रकल्प १९९५पासून दर पाच वर्षांनी ही मोजणी करतो. २०२०मध्ये बातम्यांतल्या माणसांत स्त्रिया २५ टक्के होत्या. प्रवक्ता, तज्ज्ञ, प्रत्यक्षदर्शी, स्वतःचा अनुभव सांगणारी ही त्यांची वर्गवारी सरळ उचला. वर दोन रकाने आपले: नाव छापलंय की नुसतं नातं, आणि तिचं बोलणं अवतरणात आहे का.

समजा, बातमीच्या शेवटी ‘त्यांच्या पश्चात आई, पत्नी व दोन मुली आहेत’ एवढंच आहे. उल्लेख चार, नावं शून्य, बोलणारी शून्य. आईने काय म्हटलं ते सरपंच सांगत असतील, तर बोलणारा सरपंच. ‘सूत्रांनी सांगितले’ दिसलं की लिंग अज्ञात. अंदाज लावू नका, मोह होतो.

मग दहा टक्के बातम्या मैत्रिणीला द्या. तुमचा तक्ता न बघता तिने भरायचं. दोघींचे तक्ते किती जुळतात ते सांगणारा, जेकब कोहेन यांनी १९६०मध्ये मांडलेला ‘कप्पा’ (kappa) हा आकडा काढा. ०.७च्या खाली आला तर व्याख्या दुरुस्त करा, मैत्रिणीशी भांडू नका.

युद्धाऐवजी दंगल घेतलीत तर एक पथ्य जास्तीचं. बलात्कारपीडितेची ओळख उघड करायला भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ची मनाई आहे, पूर्वी भारतीय दंड संहितेत ते २२८अ होतं. जुन्या अंकात नाव छापलेलं दिसलं तरी तक्त्यात फक्त क्रमांक टाका आणि ते पान परिशिष्टात लावू नका.