तपासणीत दोष निघालेला घोडा घ्यावा का? विसार देण्यापूर्वीची तयारी

पशुवैद्यकांनी ‘घोडा नापास’ एवढेच तोंडी सांगितले असेल, तर त्या एका शब्दावर होकार किंवा नकार ठरवू नये. आधी लेखी अहवाल मागून घ्यावा आणि कोणत्या पायात, कोणत्या सांध्यात, कोणत्या चाचणीत काय आढळले याची नेमकी नोंद त्यात आहे का, हे पाहावे. घोडा कशासाठी हवा आहे हे वैद्यकांना सांगितले नसेल, तर ते आता सांगून पुन्हा मत विचारावे. कारण उड्यांच्या स्पर्धेला अयोग्य ठरलेला घोडा हलक्या स्वाराच्या संथ रपेटीसाठी पुढे कित्येक वर्षे चांगला चालू शकतो.

रक्ताच्या चाचण्यांबाबत मात्र तडजोड नको. ग्लँडर्स हा घोड्यांचा जिवाणूजन्य रोग माणसालाही होतो, आणि त्याचे निदान पक्के झालेले जनावर कायद्यानुसार नष्ट करावे लागते. घोड्यांचा संसर्गजन्य रक्तक्षय झालेले जनावर बरे दिसले तरी आयुष्यभर विषाणू बाळगते. या दोन्ही रोगांच्या निदानासाठी हिसारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे, तेव्हा अहवाल हाती येईपर्यंत विसार देऊ नये. सर्रा, म्हणजे रक्तातल्या परजीवीमुळे होणारा रोग, निघाला तर त्यावर औषध आहे. सौदा पुढे ढकलून उपचारानंतर फेरतपासणी करावी.

बहुतेक सौदे अडतात ते लंगडण्यावर, म्हणून इथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. घोडा कडक, सपाट जमिनीवर, लगाम सैल सोडून, सरळ रेषेत दुडक्या चालीने आपल्यासमोर पळवून घ्यावा. पुढचा पाय दुखत असेल, तर तो टेकताना डोके वर जाते आणि चांगला पाय टेकताना खाली येते. त्यानंतर वैद्यक एकेक सांधा सुमारे मिनिटभर दुमडून धरतात आणि लगेच घोडा पळवतात. तेव्हा पहिली दोन-चार पावले अडखळून चाल सुधारते की लंगडणे शेवटपर्यंत टिकते, हे स्वतः पाहून लिहून ठेवावे. नालेचा खिळा जिव्हाळीजवळ (खुराच्या आतल्या नाजूक, जिवंत भागाजवळ) बसला असेल किंवा खुरात पू झाला असेल, तर तो दोष उपचाराने जातो; पण टाचेतल्या नौकाकृती हाडाची झीज किंवा लॅमिनायटिसमध्ये (खुराच्या आतल्या थराच्या दाहात) फिरलेले खुराचे हाड क्ष-किरण चित्रात दिसले, तर तो घोडा नियमित स्वारीसाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला भरणाऱ्या यात्रेत दूरदूरच्या राज्यांतून ट्रकने आलेले घोडे असतात, आणि लांबच्या प्रवासाने आखडलेला घोडा पहिल्या दिवशी खोटा लंगडा दिसू शकतो. याच्या उलट, वेदनाशामक देऊन लंगडणे लपवताही येते. दोन्ही शंकांना उत्तर एकच: घोड्याला विश्रांती मिळू द्यावी, रक्ताचा नमुना औषधांच्या तपासणीसाठी घेऊन ठेवावा आणि दुसरी तपासणी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या वैद्यकांकडून करावी. ‘आजच दुसरे गिऱ्हाईक आहे’ असे म्हणून विक्रेता याला नकार देत असेल, तर तिथेच थांबावे. गळ्यावरचा देवमण हा शुभ मानलेला केसांचा भोवरा आणि रेवाळ, म्हणजे स्वाराला धक्के न देणारी जलद चाल यांना बाजारात मोठा मान आहे, आणि त्या परंपरेबद्दल मलाही आदर आहे. तरी शुभ भोवऱ्याने झिजलेला सांधा भरून येत नाही.

पैशांचा हिशेब करताना किमतीतली सूट वेगळी आणि पुढचा खर्च वेगळा मांडावा. चारा, खुराक आणि दर सहा-आठ आठवड्यांची नालबंदी निरोगी घोड्यालाही लागतेच. त्यात विशेष नाला, औषधे आणि ठरावीक काळाने क्ष-किरण यांची भर पडेल. अशा नाला ठोकू शकणारा कसबी नालबंद आपल्या परिसरात आहे का, याची चौकशी आधीच करावी. विमा काढायचा असल्यास आढळलेला दोष संरक्षणातून वगळला जाईल का, हे लेखी विचारावे. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगू शकतो. तो दहाव्या वर्षीच स्वारीतून बाद झाला, तर त्याला शेवटपर्यंत पोसण्याची जागा आणि ऐपत घरात आहे का, हे घरच्यांशी बसून ठरवावे आणि ती नसेल तर घोडा घेऊ नये.

एवढे करून घ्यायचे ठरलेच, तर दोषाचा उल्लेख पावतीत करून घ्यावा, क्ष-किरण चित्रांच्या प्रती आपल्याकडे ठेवाव्यात आणि घरी आणल्यावर तीन आठवडे त्याला इतर घोड्यांपासून दूर, वेगळ्या भांड्यात पाणी देऊन बांधावे.