चिनी पुरवठादाराला पहिली रक्कम पाठवण्यापूर्वी: कागदपत्रांची तयारी

चीनमधून यंत्रे, सुटे भाग किंवा कच्चा माल मागवणाऱ्या लहान उद्योगाची फाईल बहुतेक वेळा प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (विक्रीपूर्वीचे दरदर्शक बिल), काही ईमेल आणि बँकेतून केलेल्या टीटीची (तारेने पैसे पाठवण्याची) पावती एवढ्यावरच उभी असते. माल ठरल्याप्रमाणे आला तर तेवढे पुरते. तो आला नाही, किंवा कंटेनर उघडल्यावर भलताच माल निघाला, तर ज्या मालमत्तेतून वसुली करायची ती चीनमध्ये असते. म्हणून आपला प्रत्येक कागद तिथल्या न्यायाधीशाला वाचता यावा आणि तिथल्या कायद्यात बसावा, या एकाच कसोटीवर पुढील तयारी बेतली आहे.

सर्वांत आधी समोरच्या कंपनीचे चिनी लिपीतील नोंदणीकृत नाव आणि अठरा अंकाक्षरांचा एकीकृत सामाजिक पत क्रमांक मागवावा. माहितीपत्रकावरील इंग्रजी नावाला कंपनीच्या नोंदणीत स्थान नसते आणि त्या नावाने दावा लावता येत नाही. क्रमांक मिळाल्यावर राष्ट्रीय उद्योग पत-माहिती प्रसिद्धी प्रणालीत, म्हणजे बाजार नियमन प्रशासनाच्या सार्वजनिक नोंदवहीत, तो तपासावा. तिथे कंपनीचा कायदेशीर प्रतिनिधी (तिच्या वतीने कायद्याने सही करू शकणारी व्यक्ती), स्थापनेची तारीख, व्यवसायाची व्याप्ती आणि ‘असामान्य कामकाजा’च्या यादीत तिचे नाव आहे की नाही हे दिसते. व्याप्तीच्या रकान्यात उत्पादनाचा उल्लेख नसून केवळ विक्री किंवा आयात-निर्यात लिहिलेली असेल, तर ‘आमचा स्वतःचा कारखाना’ या दाव्याविषयी थेट विचारणा करावी. व्यापारी कंपनीकडून माल घेणे गैर नाही, पण आपण कोणाकडून घेत आहोत हे आपल्याला ठाऊक असावे. नोंदणीकृत भांडवलाचा मोठा आकडा पाहून हुरळून जाऊ नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या सुधारित कंपनी कायद्याने मर्यादित दायित्वाच्या नव्या कंपन्यांना भांडवल पाच वर्षांत प्रत्यक्ष भरण्याचे बंधन घातले, मात्र जुन्या कंपन्यांना भरणा-मुदत या नियमाशी जुळवून घेण्यासाठी ३० जून २०२७ पर्यंत अवधी दिला आहे. त्यामुळे लिहिलेले भांडवल आणि भरलेले भांडवल हे दोन वेगळे रकाने समजून वाचावेत.

बँक खाते त्याच चिनी नावाचे आहे, याची खात्री त्यानंतर करावी. करार शेनझेनच्या कंपनीशी आणि खाते हाँगकाँगमधील मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्याच कंपनीचे, असे वारंवार आढळते. अशा वेळी त्या दुसऱ्या कंपनीलाही करारात पक्षकार करून घ्यावे किंवा पैसे थांबवावेत. व्यक्तीच्या वैयक्तिक खात्यावर रक्कम पाठवू नये. खाते बदलल्याचा ईमेल आला, तर पूर्वीपासून माहीत असलेल्या दूरध्वनी क्रमांकावर बोलून खात्री होईपर्यंत बँकेला सूचना देऊ नये.

करारावर कंपनीचा अधिकृत गोल लाल शिक्का हवा. त्याच्या मध्यभागी पंचकोनी तारा असतो आणि कडेने कंपनीचे पूर्ण चिनी नाव असते, ते नोंदवहीतील नावाशी अक्षर-अक्षर जुळवून पाहावे. चिनी व्यवहारात शिक्क्याला मोठे वजन आहे. विक्री विभागातील कोणी इंग्रजी नावाने केलेली सही, तिच्यामागे अधिकारपत्र नसेल, तर वादाच्या वेळी डोकेदुखी ठरते. कायदेशीर प्रतिनिधीची सही आणि शिक्का असे दोन्ही मिळाले तर उत्तम.

करार दोन भाषांत करावा आणि वाद झाल्यास कोणती प्रत प्रमाण मानायची हे त्यातच लिहावे. चीनमधील न्यायालयाचे काम चिनी भाषेत चालते आणि परभाषेतील कागदाचे भाषांतर जोडावेच लागते. तेव्हा प्रमाण प्रत चिनी ठेवून तिचे भाषांतर आपल्या बाजूच्या, आपण पैसे मोजलेल्या जाणकाराकडून तपासून घेणे मला अधिक सुरक्षित वाटते. पुरवठादाराने ‘सोयीसाठी’ करून दिलेल्या भाषांतरावर विसंबू नये.

भाषेचा प्रश्न किती महागात पडू शकतो, हे आगाऊ रकमेच्या कलमात दिसते. चिनी भाषेत ‘डिंगजिन’ असाच उच्चार असलेले दोन शब्द आहेत, त्यांची पहिली चित्राक्षरे मात्र भिन्न आहेत. त्यांतला एक शब्द आपल्याकडच्या इसारासारखा आहे. चीनमध्ये २०२१ पासून लागू असलेल्या दिवाणी संहितेनुसार इसार देणाऱ्याने करार मोडला तर त्याची रक्कम बुडते आणि घेणाऱ्याने मोडला तर त्याला दुप्पट परत करावी लागते. दुसरा शब्द नुसती आगाऊ रक्कम दर्शवतो आणि त्याला दुपटीचे हे संरक्षण नाही. म्हणून चिनी प्रतीत कोणते चित्राक्षर आहे, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. शिवाय इसाराला मूळ कराराच्या रकमेच्या २० टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. तीस टक्के आगाऊ आणि सत्तर टक्के माल चढवण्यापूर्वी, या रूढ अटीतील वरचे दहा टक्के इसाराच्या संरक्षणाबाहेर राहतात, हे हिशेबात धरावे. उशिरासाठीचा दंड लिहितानाही हात आखडता ठेवावा. प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा तीस टक्क्यांहून जास्त असलेला दंड चिनी न्यायालये सामान्यतः अवाजवी मानतात आणि दुसऱ्या पक्षाच्या विनंतीवरून तो कमी करू शकतात.

यानंतरचे कलम अनेकजण जुन्या नमुन्यातून उचलतात आणि तिथेच फसतात. ‘वादाचे न्यायक्षेत्र मुंबई’ असे लिहिले की आपल्याला धीर येतो, पण मुंबईच्या न्यायालयाचा हुकूमनामा चीनमध्ये थेट अंमलात आणता येईल असा करार दोन देशांत नाही. लवादाच्या, म्हणजे न्यायालयाबाहेर पक्षकारांनी मान्य केलेल्या पंचांच्या, निवाड्याची गोष्ट वेगळी आहे. परकीय लवाद निवाड्यांविषयीच्या १९५८ च्या न्यूयॉर्क कराराचा चीन १९८७ पासून सदस्य आहे, भारतही त्यात आहे, आणि भारत सरकारने २०१२ मध्ये राजपत्रात अधिसूचना काढून चीनला त्या करारासाठी मान्यता दिली आहे. त्यामुळे लवादाचे कलमच घालावे आणि त्यात लवाद संस्थेचे नेमके नाव, लवादाचे स्थान व भाषा लिहावी. संस्थेचे नाव न घेता ‘चीनमध्ये लवाद होईल’ एवढेच लिहिलेले कलम चिनी कायद्यात निरर्थक ठरण्याचा धोका असतो. बीजिंगच्या चीन आंतरराष्ट्रीय आर्थिक व व्यापार लवाद आयोगापासून त्याच्या शांघाय आणि शेनझेन शाखा २०१२ मध्ये फुटून स्वतंत्र संस्था झाल्या आणि जुन्या कलमांतील नावे नेमकी कोणाची यावर पुढे खटले झाले, एवढे उदाहरण नेमकेपणासाठी पुरे आहे. माझा कल हाँगकाँगकडे आहे. १ ऑक्टोबर २०१९ पासूनच्या व्यवस्थेमुळे हाँगकाँगमधील मान्यताप्राप्त संस्थेच्या लवादातील पक्षकाराला निवाडा येण्याआधीच चीनच्या मुख्य भूमीवरील न्यायालयाकडून समोरच्याचे खाते किंवा मालमत्ता गोठवून घेण्याची मागणी करता येते, आणि पैसे हलवण्यात तरबेज असलेल्या कंपनीसमोर तेवढे एकच अस्त्र खरे उपयोगाचे असते. लहान रकमेच्या ऑर्डरला मात्र हाँगकाँगचा खर्च परवडत नाही. तिथे पुरवठादाराच्या शहरातील न्यायालय लिहिणे विचित्र वाटले तरी व्यवहार्य ठरते.

माल चीनच्या निर्यात-नियंत्रणाच्या कोणत्या तरतुदीखाली येतो, ही चौकशी ऑर्डर देण्याच्या आधीची आहे. चीनचा निर्यात नियंत्रण कायदा १ डिसेंबर २०२० पासून आणि नागरी व लष्करी अशा दुहेरी उपयोगाच्या वस्तूंचे नियम १ डिसेंबर २०२४ पासून लागू आहेत. गॅलियम व जर्मेनियम ऑगस्ट २०२३ पासून, काही प्रकारचे ग्रॅफाइट डिसेंबर २०२३ पासून, तर समॅरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोशियम, ल्युटेशियम, स्कॅन्डियम व यट्रियम या सात दुर्मीळ मृदा धातूंशी संबंधित वस्तू ४ एप्रिल २०२५ पासून परवान्याखाली आल्या. या शेवटच्या घोषणेची झळ पुण्याच्या वाहन उद्योगालाही लागली. नियोडिमियम त्या यादीत नव्हते, तरी उष्णता सोसण्यासाठी डिस्प्रोशियम किंवा टर्बियम मिसळलेली नियोडिमियम चुंबके त्यात सापडली. म्हणून वस्तूचे नाव सांगून थांबू नये, तिची रासायनिक घटकपत्रिका मागवून ती नियंत्रण यादीशी ताडून पाहण्यास पुरवठादाराला लेखी सांगावे.

परवाना लागणार असेल, तर अर्ज चिनी निर्यातदार करतो, पण अंतिम वापरकर्त्याचे आणि अंतिम वापराचे प्रमाणपत्र आपल्याला द्यावे लागते. अर्ज दाखल करून घेतल्यापासून वाणिज्य मंत्रालयाला निर्णयासाठी ४५ कामकाजाचे दिवस आहेत. त्यांत सुट्ट्या मोजल्या जात नाहीत आणि कागद अपुरे म्हणून परत आले तर मोजणी सुरूच होत नाही. एका व्यवहाराचा परवाना कमाल एक वर्षाचा असतो. प्रमाणपत्रात लिहिलेला वापर बदलणे किंवा माल परवानगीविना तिसऱ्याला देणे आपल्यालाच चिनी मंत्रालयाच्या नियंत्रण सूचीत (निर्बंध घातलेल्या परदेशी ग्राहकांच्या यादीत) नेऊ शकते, म्हणून त्या कागदावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने आपल्या गोदामातील माल पुढे कोणाकडे जातो हे आधी विचारून घ्यावे. परवाना नाकारला गेला तर आगाऊ रक्कम किती दिवसांत परत मिळेल, हे करारात वेगळ्या वाक्यात लिहावे. ते नसेल तर पुरवठादार अनिवार्य आपत्तीच्या (हाताबाहेरच्या कारणाने करार पाळता न येण्याच्या) कलमाकडे बोट दाखवतो.

आपल्या ब्रँडने माल बनवून घ्यायचा असेल, तर नमुना पाठवण्यापूर्वी चीनमध्ये व्यापारचिन्हाचा अर्ज दाखल करावा. तिथे सामान्यतः प्रथम अर्ज करणाऱ्याचा हक्क मानला जातो. भारतातील नोंदणी तिथे कामाची नाही, मात्र भारत २०१३ पासून माद्रिद व्यवस्थेत (एकाच अर्जाने अनेक देशांत व्यापारचिन्हाची मागणी करण्याच्या आंतरराष्ट्रीय सोयीत) असल्याने त्या मार्गानेही अर्ज करता येतो. चिनी सीमाशुल्क खाते निर्यातीच्या मालावरही बौद्धिक संपदेची तपासणी करते. दुसऱ्या कोणी आपले नाव तिथे नोंदवून ठेवले असेल, तर आपलाच माल बंदरात अडू शकतो. साचा आपल्या पैशाने बनत असेल, तर त्याच्या मालकीचा स्वतंत्र चिनी करार करावा आणि साच्यावर क्रमांक कोरून त्याचे छायाचित्र फाईलला लावावे.

किमतीची चर्चा करताना निर्यात करपरताव्याचा, म्हणजे निर्यात केल्यावर चिनी सरकार निर्यातदाराला परत देत असलेल्या कराचा, दर विचारावा. १ डिसेंबर २०२४ पासून अनेक ॲल्युमिनियम व तांब्याच्या वस्तूंवरील परतावा बंद झाला आणि सौर पॅनेल व बॅटऱ्यांसह काही वस्तूंचा १३ वरून ९ टक्क्यांवर आला, तेव्हा जुन्या दरपत्रकांवर भांडणे झाली. परताव्यातील बदल कोणी सोसायचा, हे लिहून ठेवावे.

थकबाकी किंवा वाद चालू असताना कर्मचाऱ्याला प्रत्यक्ष भेटीसाठी पाठवायचे असेल, तर आधी चिनी वकिलाकडून त्या कंपनीविरुद्ध किंवा आपल्याविरुद्ध दावा दाखल आहे का, हे पाहून घ्यावे. प्रलंबित दिवाणी प्रकरणात न्यायालय परदेशी व्यक्तीला देश सोडण्यास मनाई करू शकते. २०१२ च्या सुरुवातीला यिवू शहरात मालकाच्या थकबाकीपायी दोन भारतीयांना स्थानिक व्यापाऱ्यांनी डांबून ठेवले होते आणि बीजिंगमधील भारतीय दूतावासाने त्या शहरात व्यवहार न करण्याची सूचना काढली होती. थकबाकी आपली असेल, तर कर्मचाऱ्याला पाठवू नये.

माल न्हावा शेवाला उतरल्यावर तपासणीचा अहवाल छायाचित्रांसह ठरल्या मुदतीत आणि ईमेलने पाठवावा. मुदत ठरली नसेल तर चिनी दिवाणी संहिता ‘वाजवी काळ’ धरते आणि बहुतांशी दोन वर्षांनंतर दोषाची तक्रार ऐकली जात नाही. आंतरराष्ट्रीय मालविक्रीच्या करारावरील दाव्याची मुदत चार वर्षांची आहे, तर मिळालेल्या निवाड्याच्या अंमलबजावणीसाठीचा अर्ज चिनी न्यायालयात दोन वर्षांत करावा लागतो. या तिन्ही तारखा ऑर्डर बंद होताना फाईलच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवाव्यात.